हुएकोच्या पोटातलं पाणी

अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेस यांच्यामधली सरहद्द म्हणजे रिओ ग्रांदे नदी. काँक्रीटने बांधलेल्या पात्रात ती वर्षातले कित्येक महिने कोरडीच असते. वर कुंपण आणि पहारा, खाली मात्र हुएको बोल्सन हा भूजलसाठा दोन्ही शहरांखाली सलग पसरलेला. इथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम सव्वादोनशे मिलिमीटर. उपसलेलं पाणी भरून यायचं कुठून? शिवाय गोड्या पाण्याला खारं पाणी खेटून आहे. उपसा वाढला की ते विहिरींकडे सरकतं.

या साठ्यात भर घालण्यासाठी एल पासोने 1985 साली उचललेलं पाऊल मला फार मोलाचं वाटतं. शहराच्या माजी महापौरांचं, फ्रेड हर्वी यांचं, नाव दिलेल्या केंद्रात घरोघरचं सांडपाणी येतं. जिवाणू आणि कार्बनची भुकटी त्यातली घाण खातात, शोषतात. मग चुन्याची प्रक्रिया, वाळूतून गाळणं, ओझोन आणि शेवटी पुन्हा कार्बनचे थर. पिण्याच्या दर्जाचं झालेलं हे पाणी विहिरींतून थेट हुएकोत सोडायला त्या वर्षी सुरुवात झाली. तेव्हा दिवसाला सुमारे 3 कोटी 80 लाख लिटर शुद्ध करण्याची या केंद्राची क्षमता होती. पाऊस पाडता येत नाही, पण सांडपाणी रोज येतंच! 2007 मध्ये खारं भूजल गोडं करणारा मोठा प्रकल्पही उभा राहिला.

उष्णता मात्र थांबत नाही. 2023 च्या उन्हाळ्यात एल पासोत सलग 44 दिवस पारा 100 अंश फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता. डोंगरातला बर्फ घटला, धरणातलं पाणी वाफ होऊन गेलं, की नदीचं पाणी कमी मिळतं आणि पंप जास्त चालतात. हुआरेसला तर पिण्यासाठी भूजलाचाच आधार. विसावं शतक सरत येईपर्यंत तिथलं सांडपाणी शुद्ध न करताच खोऱ्यातल्या शेतांना जात होतं. ते जमिनीत मुरून उथळ भूजलात उतरायचं.

दोन्ही शहरांची पाणी खाती एकमेकांना माहिती देतात. पण एकाने भरायचं आणि दोघांनी आपापल्या हिशेबाने उपसायचं, हे किती दिवस चालणार? नदीच्या पाणीवाटपाचे करार 1906 आणि 1944 मध्ये झाले. हुएकोच्या वाटपाचा करार अजून झालेला नाही. तो व्हायलाच हवा, आणि किती उपसायचं याबरोबर शुद्ध केलेलं किती पाणी परत जमिनीत सोडायचं, हेही त्यात लिहिलं गेलं पाहिजे.