आधी घर, मग इतिहास

द्वेष शिकवायला शाळा लागत नाही. घरातल्या बोलण्यातून, शेजाऱ्याच्या थट्टेतून तो मुलांच्या कानी पडतो. कारखान्यात खांद्याला खांदा लावून राबणारी, पण डबा उघडताना जातीजातीने वेगळी बसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. ही सवय बालपणीची. तेव्हा तिच्यावरचा उपायही बालपणीच व्हावयास हवा. तो कसा करावा, हे ॲम्स्टरडॅममध्ये पाहावयास मिळते.

१९४० साली जर्मनांनी हॉलंड व्यापले तेव्हा तिथे सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांपैकी सुमारे १,०२,००० मारले गेले. एवढा आकडा ऐकून लहान मूल एक तर भेदरेल, नाहीतर विसरून जाईल. म्हणून तिथल्या ज्यू संग्रहालयाने मुलांच्या विभागात आधी एका ज्यू कुटुंबाचे घरच मांडले आहे. मुले स्वयंपाकघरात शिरतात, शब्बाथसाठी वेणीसारखा गुंफलेला पाव वळतात. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती. आपल्या कोकणातले बेने इस्रायल त्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

ज्यांचा पाव आपण वळला ती माणसे कुठे गेली, हा प्रश्न मग मूल स्वतःच विचारते. उत्तर थोड्याच अंतरावर, २०२४ साली उघडलेल्या राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. ती इमारत पूर्वी शिक्षकांचे विद्यालय होती. समोरच्या नाट्यगृहात ज्यूंना छावणीकडे धाडण्यापूर्वी कोंडत आणि त्यांच्या मुलांना विद्यालयाशेजारच्या पाळणाघरात ठेवीत. पाळणाघरातल्या बायकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी अशी सुमारे ६०० मुले वाचविली. रस्त्यात ट्राम आली की पहारेकऱ्यांची नजर अडे; तेवढ्यात मूल घेऊन त्या निसटत.

ज्यू संग्रहालयाजवळच्या चौकात १९५२ पासून गोदी कामगाराचा पुतळा उभा आहे. याच भागात फेब्रुवारी १९४१ मध्ये सुमारे चारशे ज्यू तरुण पकडले गेले. २५ फेब्रुवारीला ट्रामवाले, सफाई कामगार, गोदी कामगार यांनी काम थांबविले. संप दोन दिवसांत बंदुकीच्या जोरावर मोडला गेला. पगारवाढीचे संप मी पुष्कळ पाहिले. शेजाऱ्यासाठी केलेला संप विरळा.

घर, आघात आणि विरोध, असा हा क्रम आहे. आपल्या गावी संग्रहालय काढताना आपण तलवारी आधी मांडतो. त्यांच्या शेजारी मोहल्ल्यातली, वाड्यातली, वस्तीतली एकेक चूलही मांडू या, आणि मुलांना तिच्यापाशी आधी नेऊ या.