माळ्यावरचा प्लेस्टेशन सुरू करताय? आधी धूळ, कूलर आणि स्पिरिटचे हे गणित समजून घ्या

परीक्षा संपल्या की धंतोलीतल्या जुन्या घरांमध्ये माळ्यावरून कूलर खाली येतो. अलीकडे त्याच्या मागोमाग आणखी एक खोके उतरू लागले आहे. त्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा प्लेस्टेशन-२ असतो, नाहीतर काळा गुटगुटीत पीएस-३, क्वचित परदेशातल्या मामाने आणलेला एक्सबॉक्स. ज्याने तो हट्टाने मागून घेतला होता, तो आता स्वतः बाप झालेला असतो आणि पोरांना आपला जुना खेळ दाखवायचा असतो. प्लग लावला, दिवा लागला, पंखा घरघरला आणि दहा मिनिटांत सगळे बंद, असा अनुभव मग अनेकांना येतो. कधी तर तेवढेही होत नाही.

बाजारात नवा पीएस-२ मिळत नाही. सोनीने जानेवारी २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये जपानमधली त्याची दुरुस्तीसेवाही बंद केली. निन्टेन्डोने फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ मध्येच थांबवली होती. म्हणजे घरातले यंत्र वाचवायचे, तर ते घरात किंवा बर्डीवरच्या एखाद्या जाणत्या कारागिराकडेच वाचवावे लागते.

प्लग लावण्याआधी काय पाहावे?

घाई इथेच नडते. माळ्यावर चार पावसाळे काढलेल्या यंत्रात ओल असू शकते, झुरळे असू शकतात. कन्सोल आधी एक-दोन दिवस हवेशीर, सावलीच्या जागी ठेवावा. हलवून पाहावा, आत काही खुळखुळत असेल तर सुटलेला स्क्रू सर्किटवर पडलेला असू शकतो, अशा वेळी वीज देऊच नये. झुरळांचे म्हणणे विनोदाने घेऊ नका. पीएस-४ मध्ये पॉवर सप्लाय आतच असतो, तो ऊब देतो आणि झडपा रुंद असतात. अमेरिकेतल्या दुरुस्तीवाल्यांनी याबद्दल जाहीर तक्रारी केल्या होत्या. आपल्याकडे परिस्थिती वेगळी असण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. अमेरिकेतून आलेला जाडा पीएस-२ हा १२० व्होल्टवर चालणारा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो थेट लावला, तर पहिल्याच क्षणी पॉवर सप्लाय जळतो. मागच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिले नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. बारीक पीएस-२ चा अॅडॅप्टर वेगळा असतो आणि तो ८.५ व्होल्ट देतो. हरवला म्हणून वायफायच्या राउटरचा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर लावून पाहण्याचा मोह टाळावा.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात आधी करायला हवी: खेळाच्या नोंदी सुरक्षित करा. पीएस-२ च्या ८ एमबीच्या मेमरी कार्डावरच्या नोंदी दुसऱ्या कार्डावर उतरवता येतात. पीएस-३ आणि पीएस-४ मधून पेन ड्राइव्हवर प्रत काढता येते. या दोन्ही यंत्रांची हार्ड डिस्क त्याच कन्सोलच्या कुलपात बांधलेली असते. मदरबोर्ड गेला तर ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावली, तरी आतले काही वाचता येत नाही. भावाने अर्धवट सोडलेला डाव, वडिलांच्या नावाने उघडलेले प्रोफाइल, हे सगळे त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे यंत्र सुरू झालेच, तर पहिला अर्धा तास खेळण्यात न घालवता प्रत काढण्यात घालवावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात अडचण काय?

सोनी आपल्या कन्सोलसाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाची मर्यादा सांगते. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत, टीव्हीखालच्या लाकडी कपाटात, मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवलेल्या यंत्राचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. पंखा आतली उष्णता बाहेर टाकतो, पण त्यासाठी तो खोलीतलीच हवा ओढतो. ती हवाच तापलेली असेल आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला असेल, तर तो कितीही जोरात फिरला तरी उपयोग होत नाही. सिमेंट रस्ते, खोदकामे आणि वर्धा मार्गावरची वर्दळ यांनी धुळीची सोय बारमाही केलेली आहेच.

मग कूलरसमोर ठेवावे का? नाही. कूलर हवा थंड करतो ती पाणी उडवून. ताट्या नीट बसलेल्या नसतील तर बारीक तुषारही येतात आणि बोअरचे जड पाणी असेल तर ते वाळल्यावर पांढरे क्षार मागे राहतात. कूलरची टाकी पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. तेच क्षार आणि धूळ मिळून सर्किटवर चिकट थर बसतो. खोलीत कूलर चालू असावा, पण कन्सोल त्याच्या थेट झोतात नको. चारही बाजूंनी वीतभर जागा, कपाटाबाहेर, गालिच्यावर नाही, आणि खेळायची वेळ दुपारी दोनऐवजी सकाळी किंवा रात्री. एवढ्याने निम्मे काम होते.

उन्हाळ्याचा एक छुपा त्रासही आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा अतिशय कोरडी होते आणि कोरड्या हवेत स्थिर वीज जास्त साठते. सिंथेटिक कपडे घालून, गादीवर बसून कन्सोल उघडला तर बोटातून गेलेली ठिणगी चिप मारू शकते आणि ती आपल्याला जाणवतेच असे नाही. लाकडी टेबलावर, सुती कपड्यांत काम करावे आणि आत हात घालण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा.

मेडिकलमधले स्पिरिट चालेल का?

धंतोलीत हा प्रश्न हमखास निघतो, कारण इथे किराणा दुकानापेक्षा औषधाचे दुकान जवळ असते. कापूस आणि स्पिरिट सहज मिळते. पण जखम पुसायचे स्पिरिट आणि सर्किट पुसायचे द्रव्य एक नाही. सर्जिकल स्पिरिटमध्ये पाण्याचा अंश बराच असतो. जंतू मारण्यासाठी तो उपयोगीच ठरतो, सर्किटला मात्र तो नको असतो. हँड सॅनिटायझर तर मुळीच नको. त्यातले ग्लिसरीन मागे चिकट थर सोडते. हवे असते ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानात 'आयपीए' म्हटले की मिळते. ते मिनिटा-दोन मिनिटांत उडून जाते आणि मागे काही ठेवत नाही. पेटते मात्र झटकन, तेव्हा देवघरातला दिवा आणि गॅस यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून वापरावे.

मेडिकलमधून घेण्यासारख्या गोष्टी दोनच: इअर बड आणि हातमोजे.

प्रत्यक्ष सफाई कशी करायची?

वायर काढून किमान अर्धा तास थांबावे. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. पॉवर सप्लायची बंद डबी घरी उघडूच नये, हा नियम पाळला तर बाकी काम फारसे धोक्याचे नाही.

पीएस-२ साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतो. पीएस-३ आणि पीएस-४ ला मध्ये छिद्र असलेला सहा टोकांचा टॉर्क्स लागतो. पीएस-४ साठी टी-८ किंवा टी-९. चुकीच्या पान्याने स्क्रूचे डोके झिजले की पुढचे सगळे अडते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा आणि स्क्रू कागदावर चिकटपट्टीने, निघाले त्याच जागेचे चित्र काढून, लावून ठेवावेत. हे बालिश वाटते, पण झाकण लावताना तीन स्क्रू उरण्यापेक्षा बरे. चपट्या रिबनच्या केबल ओढू नयेत. त्यांचे कुलूप आधी उचलावे लागते.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने सैल करायची आणि ब्लोअरने लांबून उडवायची. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या जोराने पंखा गरगर फिरला की मजा येते खरी, पण त्याचे बेअरिंग बिघडते आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. पीएस-४ मध्ये पॉवर सप्लाय अलगद उचलला की खाली हीटसिंकच्या पात्या दिसतात. खरी धूळ तिथेच असते. पॉवर सप्लायच्या खालच्या दोन धातूच्या पिना वाकणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

थर्मल पेस्टचे काय? चिप आणि हीटसिंक यांच्यामधला हा लेप दहा-बारा वर्षांत वाळून खडूसारखा होतो. सफाईनंतरही पंखा विमानासारखा ओरडत असेल तर तो बदलावा. जुना लेप आयपीएने पुसून वाटाण्याएवढा नवा लावणे पुरते. आमच्या मते पहिल्यांदाच उघडणाऱ्याने इथपर्यंत जाऊ नये. आधी धूळ काढून आठवडाभर पाहावे.

आत रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर-२०३२. ती संपली की पीएस-२ तारीख विसरतो, नोंदी जात नाहीत. पीएस-४ मध्ये ही बॅटरी संपली आणि इंटरनेट नसेल तर खेळ उघडेनात, असा दोष होता. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० या अपडेटने तो दूर झाला. त्यापूर्वी माळ्यावर गेलेला पीएस-४ असेल तर आधी अपडेट करावा.

डिस्क वाचत नसेल तर?

आधी डिस्क पुसून पाहा: मऊ सुती कापडाने, मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसले तर ओरखडा रेषेच्या दिशेने जातो आणि वाचणे आणखी अवघड होते. मग लेन्स. इअर बडला आयपीएचा थेंब, अगदी हलका स्पर्श, आणि वाळू देणे. लेन्स ज्या दांड्यावर सरकते त्यावरचे जुने ग्रीस घट्ट झालेले असते. ते पुसून पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. शिलाई मशीनचे तेल, खोबरेल किंवा गंज काढायचा फवारा यांपैकी काहीही नको. एवढे करूनही वाचत नसेल, तर लेसर थकलेला असतो. त्याचा छोटा स्क्रू फिरवून शक्ती वाढवण्याची युक्ती काही कारागीर करतात. यंत्र काही महिने चालते आणि लेसर लवकर संपतो.

नव्वदच्या दशकातल्या 'कॅसेट'वाल्या टीव्ही गेमचे दुखणे वेगळे. कॅसेटमध्ये फुंकर मारली की खेळ लागतो, यावर एका पिढीची श्रद्धा आहे. प्रत्यक्षात काम करते ते कॅसेट काढून पुन्हा बसवणे. पिना नव्या जागी टेकतात. फुंकरीतली ओल पिना गंजवते आणि निन्टेन्डोनेच फुंकर मारू नका असे सांगितलेले आहे. इअर बड आणि आयपीए इथेही पुरते. खोडरबर शेवटचा उपाय, कारण तो मुलामाही खरवडतो.

'हीट गन मारून देतो' म्हटल्यास?

एक्सबॉक्स ३६० चे लाल दिवे आणि पीएस-३ चा पिवळा दिवा लागला की हा सल्ला मिळतो. एक्सबॉक्सच्या त्या दोषासाठी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च दाखवला. कारण वारंवार तापणे आणि निवणे हे होते. २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितले गेले की, तुटत होत्या त्या चिपच्या आतल्या जोडण्या. बाहेरून गरम हवा मारून त्या कायमच्या जुळत नाहीत. यंत्र काही दिवस चालते, पैसे घेतले जातात, पुन्हा दिवा लागतो. त्या काही दिवसांत नोंदींची प्रत काढायची असेल तरच हा खर्च करावा.

पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या प्लास्टिकला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याचे व्हिडिओ अनेकांनी पाहिले असतील. पेरॉक्साइड मेडिकलमध्ये मिळते आणि ऊन फुकट आहे. तरी मेच्या उन्हात प्लास्टिक वाकते, डाग असमान जातात. पिवळेपणाने खेळ अडत नाही, राहू द्यावा.

काहीच जमले नाही तर?

बंद यंत्र भंगारात टाकण्याआधी दुसऱ्या कन्सोलसाठी सुटे भाग म्हणून ते एखाद्या कारागिराला उपयोगी पडते का, हे विचारावे. पंखा, लेन्स, कंट्रोलरची बटणे यांना मागणी असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमचाही समावेश आहे, त्यामुळे ते घंटागाडीत न टाकता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. देण्यापूर्वी मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क काढून घ्यावी, आणि यंत्र सुरू होत असेल तर त्यावरचे खाते निष्क्रिय करावे.