पाणी गाडीत नको, पाठीवर हवे

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मुंबईहून सुट्टीला आलेली पाहुणेमंडळी आणि आम्ही घरचे असे नऊजण राजापूरहून बारसूच्या सड्यावर कातळशिल्पे पाहायला गेलो. फजरनंतर लगेच निघायचे ठरले होते. घावने-चहा उरकून घराबाहेर पडेपर्यंत नऊ वाजले. पाणी भरपूर घेतले होते, पण सगळे गाडीच्या डिकीत. "अर्ध्या तासात परत येऊ" म्हणून एकच बाटली हातात घेतली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले आणि बाटली मुलांनी केव्हाच संपवली.

परतताना बहात्तर वर्षांचे अब्बा एका दगडावर टेकले. चेहरा उतरलेला, हात थरथरत होते. "बरा आहे मी" एवढेच म्हणत राहिले. भाचा धावत जाऊन पाणी घेऊन आला, आम्ही छत्र्यांची सावली धरली, साखर-मिठाचे पाणी घोट-घोट पाजले. तासाभराने ते सावरले, अल्हम्दुलिल्लाह. रात्री विचारले तेव्हा म्हणाले, "तहान लागली होती. पण बाटली पोरांच्या हातात, मागायची कशी?"

त्या एका वाक्याने मला पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीकडे वळवले.

आपल्या राजापूर तालुक्यात पायी फिरून पाहण्यासारखे खूप आहे. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी, कशेळीचा तो अठरा मीटर लांबीचा हत्ती. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली, तेव्हापासून पाहुणा आला की सड्यावर नेणे ओघानेच आले. पण सडा म्हणजे उघडा जांभा. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, तरी सच्छिद्र दगडातून पाणी खाली निघून जाते. उन्हाळ्यात तिथे ना झाड, ना झरा. वरून ऊन, खालून तापलेला कातळ. त्यात किनाऱ्याची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. वय वाढले की तहानेची जाणीवही कमी होते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घेणे बरे. बाटली पिशवीच्या तळाशी असेल तर हे होत नाही. नळी तोंडाजवळ असेल तर आपोआप होते.

पाठीवर पाणी वाहणे आपल्याला नवे नाही. चामड्याची मशक घेऊन फिरणारे भिश्ती आजी-आजोबांच्या आठवणीत असतील. १५३९ साली चौसाच्या लढाईत हरलेला हुमायून गंगेत बुडू लागला, तेव्हा एका भिश्त्यानेच त्याला वाचवले. आजची नळीची पिशवी मात्र अमेरिकेतली. टेक्सासच्या कडक उन्हातल्या एका सायकल शर्यतीसाठी मायकेल आयडसन नावाच्या गृहस्थाने सलाईनची पिशवी पाण्याने भरून मोज्यात घातली आणि पाठीवर बांधली. त्यातून १९८९ साली कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली.

आता निवड कशी करावी? आधी वजनाचा हिशेब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. उन्हात चालताना मोठ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर लागते, कडक उन्हात त्याहून जास्त. तीन तासांच्या फेरीला दोन लिटरची पिशवी आणि दहा-बारा लिटरची सॅक पुरते. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ओझे नको; शाळेच्या दप्तराचा नियमही तोच आहे. पंचवीस किलोच्या मुलाला एक लिटर पाणी आणि हलकी सॅक एवढेच पुरे.

मग माप. मान खाली झुकवली की मानेच्या पायथ्याशी एक हाड वर येते. तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. ही झाली पाठीची लांबी. सॅक याच मापाने घ्यावी, उंचीवरून नव्हे. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. म्हणून दोन लिटर वजन आत घालून दहा मिनिटे फिरून पाहा. पट्टा मानेला घासतो का, काखेत रुततो का, पाठीला जाळी आहे का, हे तेव्हाच कळते. छातीवरचा पट्टा वर-खाली सरकणारा हवा. स्त्रियांसाठी आत वळलेले, अरुंद खांद्याचे पट्टे सोयीचे. ओढणी किंवा हिजाब असेल तर नळी त्यात अडकते. ती पट्ट्याला चिमट्याने लावता येते का, तेही पाहावे.

आतली पिशवी रुंद तोंडाची घ्या, हात आत गेला पाहिजे. मी पहिली पिशवी स्वस्त बघून घेतली. तिचे तोंड अरुंद, धुता येईना. महिन्याभरात नळीत काळी बुरशी धरली आणि ती टाकून द्यावी लागली. पिशवीत फक्त साधे पाणी भरावे. सरबत, कोकम, ओआरएस वेगळ्या बाटलीत. जोहरची वेळ वाटेत होणार असेल तर वुजूचे पाणीही वेगळे घ्यावे. भरल्यावर पिशवी उलटी करून नळीतून हवा ओढून घ्या, म्हणजे चालताना पाणी डुचमळत नाही. पिऊन झाल्यावर हलकी फुंकर मारून नळीतले पाणी मागे ढकला, नाहीतर पुढचा घोट गरम लागतो. घरी आल्यावर कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवून, तोंड उघडे ठेवून वाळवा. आमच्याकडे ती रिकामी करून फ्रीजरमध्ये ठेवतो. बुरशी धरत नाही.

एक सूचना. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती पाणी प्यावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि कोणतीही पिशवी भर दुपारचे ऊन अडवत नाही. उन्हाळ्यात दहाच्या आत परत फिरावे.

डिसेंबरात आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. अब्बांना दीड लिटरची सॅक दिली, तेव्हा आधी रुसले. "मी काय शाळेत जातोय?" मग नातवाने पट्टे बसवून दिल्यावर गप्प झाले. दोन तास फिरलो. त्यांना पाणी पिताना मी तरी पाहिले नाही. संध्याकाळी पिशव्या धुवायला घेतल्या, तर सगळ्यांत रिकामी पिशवी अब्बांची होती.