दिल्लीच्या उन्हाळ्यात जेली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे-जूनमध्ये दिल्ली, नोएडा, गुरुग्रामचा पारा 40 अंशांच्या पुढे जातो. फ्रिजमधून काढताना झक्क दिसणारी जेली पाहुणे टेबलाशी बसेपर्यंत वाटीत पाणी होऊन बसते. मग बोल लागतो फ्रिजला. आधी पाहायला हवं ते जेली कशाने घट्ट केली आहे.

गैरसमज: फ्रिज नीट गार करत नाही म्हणून जेली वितळते.
वस्तुस्थिती: जिलेटिनची जेली 30-35 अंशांच्या आसपास वितळते, नुसता कूलर असलेल्या खोलीत तिचा टिकाव लागत नाही. चायना ग्रास, म्हणजे आगर-आगर, 35-40 अंशांना घट्ट होतं आणि पुन्हा वितळायला सुमारे 85 अंश लागतात. 1881 मध्ये जर्मनीत संशोधक वॉल्थर हेसे यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी वापरलेलं जिलेटिनही असंच उन्हाळ्यात पातळ व्हायचं. पत्नी फॅनी जेलीसाठी घरी आगर वापरत. त्यांनीच ते सुचवलं. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही ते उचललं. जंतू आजही आगरवर वाढवतात.

गैरसमज: जेली शाकाहारी नसतेच.
वस्तुस्थिती: जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, चायना ग्रास समुद्री शेवाळापासून. असं शेवाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही गोळा करतात. तयार पाकीट घेताना हिरवा ठिपका पाहावा.

गैरसमज: गरम पाण्यात ढवळलं की चायना ग्रास विरघळतं.
वस्तुस्थिती: त्याला उकळी लागते. लिटरभर पाण्याला साधारण 10 ग्रॅम दोऱ्या घ्या, गार पाण्यात भिजवा आणि चमच्याला एकही तार चिकटेनाशी होईपर्यंत मंद आचेवर उकळा. फ्रिजमधला गार रस एकदम ओतलात तर गुठळ्या होतात. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. आंबटासह उकळलं की आगरची पकड सैल होते. जिलेटिनचं उलट: गार पाण्यात फुलवून नुसतं कोमट करून विरघळवायचं, उकळायचं नाही.

गैरसमज: फळ कुठलंही चालतं.
वस्तुस्थिती: ताजा अननस, पपई आणि किवी यांतली विकरं प्रथिनं तोडतात. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे ती जेली रात्रभर ठेवली तरी पातळच राहते. फळ आधी शिजवून घेतलं किंवा डब्यातला अननस वापरला तर अडचण नाही. आगर प्रथिन नसल्यामुळे त्याला या विकरांचा त्रास नाही.

गैरसमज: घाई असेल तर फ्रीझर.
वस्तुस्थिती: बर्फाचे कण जेलीची जाळी फाडतात, बाहेर काढल्यावर तिला पाणी सुटतं. जागा फ्रिजच्या खालच्या कप्प्यातच.

गैरसमज: बसली नाही तर टाकून द्यावी.
वस्तुस्थिती: आगरची जेली पुन्हा उकळता येते. थोडं आगर वेगळ्या पाण्यात उकळून त्यात घाला. साच्यात ओतण्याआधी चमचाभर मिश्रण गार ताटलीवर टाका. दोन मिनिटांत बोटाला घट्ट लागलं तर साचे भरायला हरकत नाही.