लोहमार्गाची वाट आणि प्रमेहीचे चंक्रमण

प्रमेहाच्या रुग्णास ‘रोज चालत जा’ असे आपण सारेच वैद्य सांगतो. कोठे चालावे, हे मात्र क्वचितच सांगतो. फर्दापूर परिसरात ही अडचण नित्याची आहे. गाव संभाजीनगर–जळगाव महामार्गावर वसलेले. पहाटेच्या अंधारात मालमोटारींच्या झोतात चालण्याचा सल्ला आम्हास तरी देववत नाही.

सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णास पादत्राण व छत्रीविना, एका गावी एकच रात्र राहून, शंभर योजने वा त्याहून अधिक चालावयास सांगितले आहे. (पायांची संवेदना मंदावलेल्या मधुमेह्यास अनवाणी चालवू नये, हे औषधविक्रेत्या बंधूंनीही ग्राहकास अवश्य बजावावे.) त्याच संहितेत व्यायामाची मर्यादा बलार्ध सांगितली आहे. श्वास मुखाने येऊ लागला, ललाट, नासा व कक्षा यांना घाम सुटला, की थांबावे. अजिंठ्याच्या घाटाचा चढ स्थूल रुग्णास ही मर्यादा फार लवकर ओलांडावयास लावतो.

रेल्वेची वाट तशी नसते. इंजिनास तीव्र चढ पेलत नाही, म्हणून तिचा उतार सौम्यच राखावा लागतो. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील रेल्वे २००१ मध्ये आतल्या भागात हलविली गेली. मोकळ्या झालेल्या मार्गावर ओस्पेदालेत्ती ते सान लोरेन्झो अशी सुमारे २४ कि.मी.ची, समुद्रालगतची, बोगद्यांसह पायवाट व सायकलवाट झाली आहे.

आपल्याला समुद्र नाही, पण रूळ आहेत. पाचोरा–जामनेर ही ५६ कि.मी.ची अरुंदमापी ‘पीजे’ गाडी २०२० पासून बंद आहे. मोटारींचा सुकाळ होण्यापूर्वी लेणी पाहणारे प्रवासी तिने पहूरपर्यंत येत व पुढे सडकेने फर्दापूर गाठीत. या मार्गाचे रुंदीकरण व बोदवडपर्यंतचा विस्तार मंजूर झाला आहे. त्यास आमचा विरोध नाही. जामनेर-पहूरच्या रुग्णास पाचोऱ्याची गाडी हवीच. मात्र नवी आखणी जेथे जुनी वाट सोडील, तेथील भराव शेतात विरून जाण्यापूर्वी पादचाऱ्यांसाठी राखला जावा. एकदा नांगर फिरला की तो सलग पट्टा पुन्हा मिळणे कठीण. त्या परिसरातील वैद्यांनी व औषधालयचालकांनी आपापल्या ग्रामपंचायतीपुढे तसे लेखी निवेदन आताच द्यावे, अशी आमची विनंती आहे.