नाणेघाटाचा रांजण आणि बारा शब्दांची किल्ली

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालेली एस. टी. टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याला आली, की समोर सह्याद्रीची भिंतच उभी राहते. त्या भिंतीत 'नानाचा अंगठा' म्हणतात तो कडा आहे आणि त्याच्या कुशीत एक अरुंद खिंड. हाच नाणेघाट. वैशाखऱ्याच्या थोडे पुढे पायवाट फुटते आणि दगडी पायऱ्यांनी चढत पलीकडे जुन्नर तालुक्यात, घाटघरच्या पठारावर निघते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब मांडलेला आहे: इतक्या गायी, इतके घोडे, इतके हत्ती आणि इतके कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. खिंडीच्या तोंडाशी दगडात कोरलेला भलामोठा रांजण आहे. जकातीची नाणी यातच पडत, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे.

हा पाल्हाळ लावण्याचे कारण माझा पुतण्या. ठाण्याला नोकरी, वय तिशीचे आणि नाद कूटचलनाचा, म्हणजे क्रिप्टोचा. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे नाणेघाट चढलो. मी जन्मभर बँकेत हिशेब तपासलेला माणूस. रांजणापाशी दम खाताना मी सहज विचारले, "बाबा रे, तुझे हे नवे नाणे ठेवतोस तरी कुठे?"

त्याने खिशातून फोन काढला. "यात, काका. याला वॉलेट म्हणतात. बिटकॉइन, इथेरियम, पॉलिगॉन, ट्रॉन, सगळ्या साखळ्या एकाच पाकिटात!"

घरी आल्यावर मी त्या पाकिटाच्या मागेच लागलो. हे नाणे घ्यावे की घेऊ नये, हा सल्ला मी देणार नाही. पण ज्यांच्या घरातल्या मुलांनी ते घेतलेच आहे, त्यांनी चार गोष्टी जरूर जाणून घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी, की या पाकिटात नाणे नसतेच. नाण्यांची नोंद एका जाहीर वहीत असते आणि त्या वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. बिटकॉइनची वही २००९ साली उघडली, इथेरियमची २०१५ साली. पॉलिगॉनची वही तर आपल्याच देशातल्या तरुणांनी काढली. फोनमध्ये असते ती फक्त या वह्यांवर सही करण्याची किल्ली. किल्ली ज्याच्या हाती, तो मालक. बँकेत सही जुळली नाही तर आम्ही चेक परत धाडत असू. येथे चेक परत धाडणारा कारकूनच नाही! एकदा नोंद पक्की झाली, की ती खोडता येत नाही.

दुसरी गोष्ट जकातीची. प्रत्येक साखळी हा स्वतंत्र घाट समजा. घाट तितके रांजण, आणि प्रत्येक रांजणात त्या घाटाचेच नाणे पडले पाहिजे. इथेरियमच्या घाटात इथर, ट्रॉनच्या घाटात ट्रॉनचे नाणे, पॉलिगॉनच्या घाटात पॉल. टेथर नावाचे डॉलरला बांधलेले नाणे यांतल्या अनेक घाटांनी ये-जा करते. ते ट्रॉनवरून तुमच्याकडे आले आणि जकातीपुरते ट्रॉनचे नाणे जवळ नसले, तर माल पायथ्याशीच अडकून पडतो. शिवाय इथेरियम आणि पॉलिगॉन यांवरचा पत्ता अक्षरशः एकच असतो. त्यामुळे पत्ता बरोबर आणि घाट चुकीचा, असा घोटाळा सहज होतो. घेणाऱ्या पेढीचे त्या घाटावर दुकानच नसेल, तर रक्कम परत मिळवताना नाकीनऊ येतात. म्हणून आधी "कोणत्या साखळीवर पाठवू?" हे विचारावे, मग नाममात्र रक्कम पाठवून पाहावी आणि ती पोचल्याचा निरोप आल्यावरच उरलेली पाठवावी.

तिसरी गोष्ट बारा शब्दांची. पाकीट प्रथम उघडताना ते बारा किंवा चोवीस शब्द दाखवते. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतले असतात. इंग्रजी, फ्रेंच, जपानी अशा काही भाषांतच ही यादी आहे, मराठीत नाही. तेव्हा स्पेलिंग आणि क्रम तंतोतंत उतरवून घ्यावा. फोन हरवला, फुटला, तरी या शब्दांवरून सगळ्या साखळ्यांवरची शिल्लक पुन्हा हाती येते. सोय आहे ती इथेच, आणि धोकाही इथेच. एका जुडग्याने सगळे घाट उघडतात, तसे ते चोरालाही उघडतात.

पुतण्याच्या कचेरीतल्या एका तरुणाला पाकीट उघडेना. त्याने मदत मागताच कोणी परोपकारी 'मदतनीस' संदेशातून धावून आला आणि "पडताळणीसाठी" बारा शब्द मागून बसला. याने ते दिले. चहा निवेपर्यंत चारही साखळ्यांवरची शिल्लक शून्य! बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे होते ते. तेव्हा हे शब्द मागणारा, मग तो कोणीही असो, चोर समजावा. त्यांचा फोटो काढू नये, ते कोणाला संदेशाने धाडू नयेत. कागदावर लिहून दोन वेगवेगळ्या जागी कुलुपात ठेवावेत. मोठी रक्कम असेल तर तिच्यासाठी किल्ली सांभाळणारे स्वतंत्र उपकरण मिळते, ते घ्यावे. फोनमध्ये बाजारहाटापुरतेच असू द्यावे.

चौथी गोष्ट सहीची. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या पेढीच्या एका पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्या पाकिटाला एका नव्हे, चौघांच्या सह्या लागत. पडद्यावर दिसत होते एक आणि सही झाली ती भलत्याच मजकुरावर, असे पेढीने तेव्हा जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी पेढीचे सुमारे दीडशे कोटी डॉलर अशाच युक्तीने गेले. जाणत्यांची ही गत, तर तुमची आमची काय कथा! कोणत्याही संकेतस्थळाला पाकीट जोडले आणि त्याने परवानगी मागितली, तर ती किती रकमेची आहे ते वाचावे. "अमर्याद" असे असेल तर तो कोरा चेक होय. पूर्वी दिलेल्या परवानग्या रद्द करता येतात, त्या अधूनमधून पाहून रद्द कराव्यात.

पत्त्याचेही तसेच. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता तयार करतो. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे तीच असतात. त्या पत्त्यावरून तो नगण्य रक्कम पाठवतो, म्हणजे जुन्या नोंदींतून पत्ता उचलताना तुमचा हात चुकावा. मे २०२४ मध्ये एका धनिकाचे सुमारे सात कोटी डollar असेच गेले होते. चोराने पुढे बहुतेक रक्कम परत केली, हे त्याचे नशीब. पत्ता सगळाच्या सगळा वाचावा.

सरकारी बाजूही ध्यानात असावी. एप्रिल २०२२ पासून या व्यवहारांतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तेव्हा प्रत्येक साखळीवरचा हिशेब तारीखवार लिहून ठेवावा. फसवणूक झालीच, तर लाज न धरता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

हे सगळे मी पुतण्याला समजावले. तो मान डोलावत होता. पण खरा प्रश्न विचारला तो सूनबाईने. ती म्हणाली, "काका, बँकेत यांच्या खात्यावर वारस म्हणून माझे नाव आहे. या पाकिटावर कोणाचे आहे?"

कोणाचेच नाही! या किल्लीला वारस नोंदवण्याचे ठिकाणच नाही. शब्द सापडले नाहीत, तर ती रक्कम वहीत सगळ्या जगाला दिसत राहते आणि घरच्यांना मात्र तिला हात लावता येत नाही. त्याच आठवड्यात दोघांनी मिळून दोन पाकिटे केली, कागदाची! एकात कोणत्या साखळीवर काय आहे आणि ते कसे उघडायचे याची माहिती. दुसऱ्यात ते बारा शब्द. पहिले घरच्या कपाटात आहे, दुसरे बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकर दोघांच्या नावावर आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला चोपडी काढाल, तेव्हा घरातल्या मुलांना हा एक प्रश्न सूनबाईच्या वतीने अवश्य विचारा.