रोजगारातील भेदभावाचा अयशस्वी दावा व खर्चाचा भार : अमेरिकन कायद्याच्या संदर्भात

वंश, लिंग, धर्म आदी कारणांवरून नोकरीत डावलल्या गेलेल्या व्यक्तीला न्यायालयात जाण्यापासून रोखणारी एक मोठी भीती खर्चाची असते. दावा फेटाळला गेल्यास मालकाच्या वकिलाचे शुल्कही आपल्याच माथी येईल काय? प्रस्तुत लेखात अमेरिकन संघीय कायद्याच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

अमेरिकेत सर्वसाधारणपणे प्रत्येक पक्ष आपापल्या वकिलाचे शुल्क सोसतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने यास अपवाद केला. ‘जिंकणाऱ्या पक्षाला’ वाजवी वकील शुल्क देवविण्याचा विवेकाधिकार न्यायालयास मिळाला. ही शब्दरचना फिर्यादी व मालक असा भेद करीत नाही. तिचा शब्दशः अर्थ घेतला असता, तर हरलेल्या प्रत्येक कामगारावर हा बोजा पडू शकला असता.

हा पेच सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ‘ख्रिश्चन्सबर्ग गारमेंट कंपनी विरुद्ध समान रोजगार संधी आयोग’ या खटल्यात सोडविला. न्या. पॉटर स्ट्युअर्ट यांच्या निकालपत्राने दोन पक्षांसाठी दोन मापे मान्य केली. जिंकलेल्या फिर्यादीस शुल्क सामान्यतः मिळावे, कारण तो काँग्रेसने महत्त्वाचे मानलेले धोरण अमलात आणीत असतो आणि शुल्क कायदा मोडणाऱ्याकडून वसूल होते. जिंकलेल्या मालकास मात्र दावा पोकळ, अवाजवी वा निराधार असेल, किंवा तसे स्पष्ट झाल्यावरही पुढे रेटला असेल, तरच ते मिळावे. त्यासाठी दुष्ट हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. सदर खटल्यात कंपनी जिंकली, तरी तिला शुल्क मिळाले नाही.

निकालातील खरा मोलाचा भाग म्हणजे मागाहून सुचणाऱ्या शहाणपणाविरुद्ध दिलेला इशारा. दावा हरला, म्हणजे तो मुळातच निराधार होता, असा उलटा तर्क न्यायाधीशांनी करू नये. भेदभावाचा पुरावा बहुधा मालकाच्याच दप्तरात असतो, हे लक्षात घेता हा इशारा किती आवश्यक होता हे पटते.

पुढे २०११ मध्ये ‘फॉक्स विरुद्ध व्हाइस’ या नागरी हक्कांच्याच खटल्यात असे ठरले की, काही मागण्या पोकळ व काही सयुक्तिक असल्यास केवळ पोकळ मागण्यांमुळे वाढलेले शुल्कच वसूल करता येते. २०१६ च्या ‘सीआरएसटी’ निकालाने मात्र मालकाची बाजू काहीशी सावरली. शुल्क मागण्यासाठी गुणदोषांवरच जिंकलेले असणे आवश्यक नाही.

येथे एक बारकावा नेहमी निसटतो. वकील शुल्क व न्यायालयीन खर्च या भिन्न बाबी आहेत. दाखल शुल्क, साक्षींच्या प्रतिलिपी इत्यादी खर्च दिवाणी प्रक्रिया नियम ५४ नुसार सामान्यतः हरणाऱ्याकडेच जातो, दावा प्रामाणिक असला तरीही. अर्थात न्यायालय तो माफ करू शकते. नियम ६८ नुसार मालकाचा तडजोडीचा प्रस्ताव नाकारून त्याहून कमी पदरात पडल्यास प्रस्तावानंतरचा खर्च फिर्यादीस द्यावा लागतो. १९८१ मध्ये डेल्टा एअर लाइन्सने याच नियमाचा आधार घेतला. बडतर्फ हवाई सेविकेने ४५० डॉलरचा प्रस्ताव नाकारला होता आणि ती पूर्णपणे हरली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हा नियम फिर्यादी काहीतरी जिंकल्यासच लागू होतो. ती काहीच जिंकली नसल्याने खर्चाचा प्रश्न पुन्हा न्यायाधीशांच्या विवेकाकडे गेला, आणि त्यांनी ज्याचा खर्च त्याने सोसावा असा दिलेला आदेश कायम राहिला.